‘मी इथे चुकून आले’ हे वाक्य नक्की कुणाचं?

प्रश्न : मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. पाच वर्षांचा अनुभव आहे. नऊ महिन्यांपूर्वी एका मोठ्या कंपनीच्या पूल-डिझाइनच्या टीममध्ये रुजू झाले. टीममध्ये आम्ही 14 जण आहोत आणि माझ्या समाजातली, माझ्यासारख्या घरातून आलेली मी एकटीच. आजवर मोठी चूक झालेली नाही, तरी प्रत्येक गणित चार-चारदा तपासते आणि रात्री उशिरापर्यंत बसते. कुणी कौतुक केलं की वाटतं, माझं मन राखायला बोलतायत. मागच्या महिन्यात एका तिरक्या पुलाच्या कोपऱ्यातल्या बेअरिंगबद्दल (पूल ज्या आधारावर टेकतो त्याबद्दल) मी शंका काढली, कुणी दखल घेतली नाही. दहा मिनिटांनी एका सहकाऱ्याने तेच सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याच आठवड्यात एकजण हसत हसत म्हणाला, ‘तुला काय, तुला तर घ्यायचंच होतं त्यांना.’ मैत्रीण म्हणते हा इम्पोस्टर सिंड्रोम आहे, आत्मविश्वास वाढव. तो कसा वाढवू?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकाच दावणीला बांधलेल्या आहेत, आणि मैत्रिणीने दोन्हींवर एकच औषध सांगितलंय. चौथ्यांदा गणित तपासायला लावणारी भीती तुमच्या मनात आहे. मुद्दा ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं गेलं, ते मात्र मीटिंगमध्ये, तेरा जणांसमोर घडलं. पहिल्या बाबतीत तुम्हाला स्वतःशी काम करायचंय. दुसऱ्या बाबतीत आत्मविश्वास फारसा कामी येत नाही, तिथे तयार वाक्यं लागतात, नोंदी लागतात, सोबत लागते. पत्रात न आलेली एक तिसरी गोष्टही बहुधा तुमच्या वाट्याला आलेली आहे : काही माहिती तुमच्यापर्यंत पोचतच नसावी. या तिन्हींची गल्लत झाली की माणूस सगळ्याचं खापर स्वतःवर फोडतो, आणि तुम्ही नऊ महिने तेच करताय असं पत्रावरून दिसतं.

आधी मैत्रिणीच्या त्या शब्दाचं बघू, कारण तो जितका सांगतो त्याहून जास्त लपवतो. इम्पोस्टर म्हणजे तोतया : यश मिळूनही आपण लायक नाही आणि कधीतरी उघडे पडू, असं वाटत राहणं. 1978 मध्ये पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दीडशेहून जास्त यशस्वी स्त्रियांबरोबर केलेल्या कामाच्या आधारे ही संकल्पना मांडली. त्यांनी ‘सिंड्रोम’ हा शब्द वापरला नव्हता, ‘फेनॉमेनन’ म्हटलं होतं, म्हणजे एक अनुभव. डीएसएम-5 किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या याद्यांमध्ये त्याला निदान म्हणून जागा नाही. म्हणजे तुम्हाला आजार झालेला नाही, हे पहिलं. क्लान्स यांची 20 वाक्यांची एक प्रश्नावली आहे, तिचे गुण 20 ते 100 असतात आणि 60 च्या वर गेले की ही भावना वारंवार सतावते असं धरतात. ती भरून पाहायला हरकत नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की त्या 20 वाक्यांमध्ये तुम्हाला काय वाटतं एवढंच विचारलंय. समोरचे तुमच्याशी कसे वागतात, याबद्दल एकही वाक्य नाही. जिला खरंच डावललं जातंय तिलाही त्यात भरपूर गुण पडू शकतात, आणि मग उपाय मात्र तिच्यावरच सुरू होतात.

एकट्या माणसाचं काय होतं, यावर समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी एका मोठ्या अमेरिकन कंपनीचा अभ्यास करून 1977 मध्ये लिहिलं. एखाद्या गटाचं प्रमाण साधारण 15 टक्क्यांच्या खाली असलं की त्या गटातल्या माणसावर सगळ्यांची नजर राहते, बहुसंख्य लोकांना आपलं सारखेपण आणि त्याचं वेगळेपण जास्तच जाणवू लागतं, आणि त्याला स्वतंत्र माणूस म्हणून न बघता ‘त्यांच्यातला एक’ म्हणून बघितलं जातं. तुमच्याकडे 14 मध्ये 1, म्हणजे सात टक्के. सतत कुणीतरी बघतंय असं वाटणं हा तुमचा भित्रेपणा नव्हे, खरंच बघत असतात.

आणि कौतुक अंगाला का लागत नाही, तेही समजून घ्या, कारण त्यावरच पुढचा उपाय उभा आहे. 1991 मध्ये मानसशास्त्रज्ञ जेनिफर क्रॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांबरोबर एक प्रयोग केला. गोऱ्या परीक्षकाला आपण दिसतोय असं वाटत असताना मिळालेल्या कौतुकाने त्यांचा स्वतःबद्दलचा आदर वाढला नाही. मधल्या खिडकीचा पडदा बंद आहे, परीक्षकाला आपण कोण ते माहीत नाही, असं वाटत होतं तेव्हाच कौतुकाचा उपयोग झाला. अर्थ सरळ आहे. कौतुक झालं तर ते कामाचं की सहानुभूतीचं, टीका झाली तर ती कामावर की पूर्वग्रहातून, हे एकट्या माणसाला ठरवताच येत नाही. इतरांना साध्या शेऱ्यातून मिळणारी माहिती तुम्हाला मिळत नाही. म्हणून ‘छान झालं’ यावर विश्वास ठेवायला शिका, असं आम्ही सांगणार नाही. ‘छान झालं’ यात विश्वास ठेवण्यासारखं काही नसतंच. तुम्हाला मोजमाप असलेलं उत्तर लागतं.

ते कसं मिळवायचं? ‘कसं झालं?’ असं विचारायचं सोडून द्या. काम करून दिल्यापासून दोन-तीन दिवसांत, आठवण ताजी असताना, वरिष्ठांना एवढंच विचारा : ‘या रिपोर्टमधली कोणती एक गोष्ट पुढच्या वेळी वेगळी करू?’ ‘एक’ हा शब्द महत्त्वाचा. काही सुधारणा हवी आहे का, असं विचारलं तर ‘नाही, ठीक आहे’ म्हणून सुटता येतं. एक सांगा म्हटलं की शोधावी लागते. तीन-चार महिन्यांतून एकदा मोठा प्रश्न : ‘माझ्या वरच्या पदावरचा माणूस काय करतो जे मी अजून करताना दिसत नाही?’ उत्तर मोघम आलं, ‘जरा पुढाकार घे’ असं, तर तिथेच थांबू नका. ‘गेल्या महिन्यात कुठे घ्यायला हवा होता? एखादा प्रसंग सांगाल?’ प्रसंग सांगता आला तर ती तुमच्या कामाची गोष्ट, आणि मनापासून आभार मानून ती करा. तीन वेळा विचारूनही एक प्रसंग सांगता आला नाही तर ते मत तुमच्या कामावरून बनलेलं नाही, आणि ही माहितीही कामाची आहे. ऐकलेलं त्याच दिवशी दोन ओळींच्या ईमेलने परत पाठवा : ‘आज आपण बोललो त्याप्रमाणे पुढच्या रिपोर्टमध्ये मी अमुक करते.’ सहा महिन्यांनी निकष बदलले गेले तर दाखवायला कागद राहतो.

आता ते चारदा तपासणं. क्लान्स यांनी याचं चक्र नीट मांडलंय. काम हाती आलं की भीती, भीतीपोटी प्रमाणाबाहेर तयारी, मग काम चांगलं होतं, क्षणभर हायसं वाटतं, आणि लगेच मन म्हणतं, ‘एवढी मरमर केली म्हणून झालं, नाहीतर उघडी पडले असते.’ यश आलं तरी खात्यात जमा होत नाही, कारण श्रेय सगळं तयारीने खाल्लेलं असतं. म्हणून तयारी मोजून कमी केल्याशिवाय हे चक्र तुटत नाही. पण इथे एक सावधगिरी हवी, आणि सर्वसाधारण सल्ल्यांमध्ये ती नसते. एकट्या माणसाची चूक जास्त दिवस लक्षात ठेवली जाते. तेव्हा ‘चुका होऊ द्या, काही होत नाही’ हे तुमच्यासाठी पूर्ण खरं नाही. काय कमी करायचं ते निवडून ठरवा.

तुम्ही इंजिनिअर आहात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. त्याच डोळ्यांनी तोच कागद चौथ्यांदा वाचला तर पहिल्या तीन वेळा निसटलेली चूक चौथ्यांदाही निसटते. चूक पकडतो तो वेगळा मार्ग. सगळ्या आधारांवरच्या रिअॅक्शनची (आधारांनी दिलेल्या उलट जोराची) बेरीज एकूण लोडएवढी येते का, ही एक तपासणी. सॉफ्टवेअरने दिलेला सर्वांत मोठा मोमेंट (वाकवणारा परिणाम) हाताने ढोबळ काढून जवळपास जुळतो का, ही दुसरी. आणि तिसरी दुसऱ्या माणसाची. या तीन ठेवा आणि त्यांची यादी कागदावर लिहून टिकमार्क करा. बाकीच्या फेऱ्यांमध्ये काय सापडलं ते आठ-दहा कामं नोंदवा. सलग तीन कामांत चौथ्या फेरीत काहीच सापडलं नाही, तर ती फेरी बंद. एकदम निम्मा वेळ कापू नका. जे काम 12 तासांत करत होता ते आधी नऊ तासांत करा आणि तीन आठवडे तिथेच राहा. पहिल्या आठवड्यात अस्वस्थ वाटेल, झोपताना तो कागद आठवेल. काही चुकत असल्याचं ते लक्षण नाही, सवय मोडताना तसंच होतं. वाचलेला वेळ मात्र घरी न्या. त्यात दुसरं काम घेतलंत तर चक्र फक्त जागा बदलेल.

पुराव्याची वही ठेवा असं सगळेच सांगतात, आणि बहुतेकांची वही महिन्याभरात बंद पडते, कारण त्यात कौतुकाची वाक्यं उतरवलेली असतात. वर म्हटलं तसं, कौतुकावर तुमचा विश्वासच नाही, मग त्याची वही काय कामाची? त्यात निर्णय लिहा. दर आठवड्याच्या शेवटच्या दिवशी 15 मिनिटं, तीनपेक्षा जास्त नोंदी नकोत. तारीख, काय अडलं होतं, मी काय ठरवलं, पुढे काय झालं, कुणाला माहीत आहे. तुमचीच नोंद अशी होईल : ‘तिरक्या पुलाच्या लघुकोनातलं बेअरिंग उचललं जाण्याची शक्यता मीटिंगमध्ये मी पहिल्यांदा मांडली. दखल नाही. दहा मिनिटांनी तोच मुद्दा मान्य. हजर : अमुक, तमुक.’ तिरक्या पुलात विशालकोनातल्या बेअरिंगवर भार वाढतो आणि लघुकोनातलं हलकं होतं, प्रसंगी वर उचललं जातं. हे तुम्हाला वेळेवर दिसलं. ही नोंद वाचताना ‘मी तोतया आहे’ हे वाक्य टिकत नाही, कारण तोतयाला ते बेअरिंग दिसलं नसतं. वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी हीच वही अर्ध्या तासात दोन पानांची टिपणी होते.

मीटिंगमध्ये मुद्दा हरवणं ही मात्र वहीने सुटणारी गोष्ट नाही. आदल्या दिवशी मीटिंग घेणाऱ्याला चार ओळी पाठवा : ‘उद्या बेअरिंगच्या अपलिफ्टबद्दल (वर उचललं जाण्याबद्दल) एक मुद्दा आहे, आकडे सोबत जोडले आहेत.’ आता तो मुद्दा लेखी तुमच्या नावावर आहे. बोलायचं असेल तर पहिल्या दहा मिनिटांत एकदा तोंड उघडा, मग ते साधी माहिती विचारण्यापुरतं का असेना. जितका वेळ गप्प राहाल तितकं पहिलं वाक्य जड होत जातं. आणि बोलताना ‘मला चुकून वाटत असेल, पण’ अशी सुरुवात नको. ‘कोपऱ्यातल्या बेअरिंगवर अपलिफ्ट येतोय, आकडा अमुक आहे, माझी सूचना अमुक आहे’, एवढंच. तरी कुणी तो मुद्दा आपला म्हणून मांडलाच, तर त्याच क्षणी, आवाज न चढवता : ‘बरोबर, मी मघाशी हेच म्हणत होते. त्यात पुढचं असं की...’ आणि लगेच एक नवा तपशील. तो तपशील नसेल तर वाक्य तक्रारीसारखं ऐकू येतं. असेल तर मुद्दा परत तुमच्या हातात येतो.

याहून सोपं म्हणजे एक माणूस आधी ठरवून ठेवणं. ओबामांच्या काळात व्हाइट हाउसमधल्या महिला कर्मचाऱ्यांनी हीच युक्ती वापरली होती. एकीने महत्त्वाचा मुद्दा मांडला की दुसरी तो तिच्या नावासकट पुन्हा म्हणायची, म्हणजे तो दुसऱ्या कुणाचा होऊ शकत नसे. तुम्ही एकट्या असलात तरी 13 जणांमध्ये एखादा तरी न्यायाने वागणारा असतोच. त्याला आडून सुचवू नका, स्पष्ट विचारा : ‘माझा मुद्दा हरवला तर तो माझ्या नावाने पुन्हा काढशील का? तुझाही मी काढेन.’ बहुतेकांना काय करायचं हे सुचलेलं नसतं म्हणून ते गप्प बसलेले असतात.

‘तुला तर घ्यायचंच होतं त्यांना’ हे वाक्य तुम्हाला लागलं, लागणारच. आतून उत्तर असं द्या की दारातून आत येणं आणि आत आल्यावर पूल उभा राहील असं डिझाइन करणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमची दुसरी नऊ महिने चालू आहे. प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या दारातून आलेला असतो : कुणाची ओळख, कुणाचं कॉलेज, कुणाच्या वडिलांचा व्यवसाय. ती दारं कुणी मोजत नाही, कारण ती सवयीची झालेली असतात. बाहेरून उत्तर : ‘म्हणजे नेमकं काय म्हणायचंय?’ आणि मग थांबा. चार-पाच सेकंद शांतता टिकवा, ती तुम्ही भरू नका. बोलणाऱ्याला आपलंच वाक्य उलगडून सांगावं लागतं, आणि तसं सांगणं बहुतेकांना जमत नाही. हसून सोडायचं असेल तर तेही चालेल, प्रत्येक वेळी लढायला तुम्ही बांधील नाही. पण नोंद करा. एकदा घडलं तर शेरा, पाचदा घडलं तर वरिष्ठांकडे किंवा एचआरकडे नेण्याजोगी बाब, आणि तारखांशिवाय ती तिथे टिकत नाही.

आता ती तिसरी गोष्ट, जिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. कामाच्या ठिकाणचं अर्धं ज्ञान कुठे लिहिलेलं नसतं. ते चहाच्या वेळी, गाडीत, फोनवर एकमेकांना सांगितलं जातं. कोणत्या ग्राहकाला तपशील आवडतो आणि कोणाला एका पानाचा सारांश, निर्णय खरं कोण घेतं, मागच्या प्रकल्पात काय फसलं होतं. ही माहिती नसताना केलेलं काम थोडं बेसूर लागतं, आणि आपल्याला वाटतं, आपल्याला येतच नाही. ‘मला येत नाही’ असं मनात आलं की एकदा तपासून बघा, ‘मला सांगितलं गेलंय का?’ मग जुन्या सहकाऱ्यांपैकी दोघांना 20 मिनिटं मागा. प्रश्न ठरलेले असू द्या : इथे नवीन माणूस हमखास कशात चुकतो? मंजुरीला देण्याआधी कुणाला दाखवलेलं बरं असतं? पहिल्या वर्षी तुम्हाला सगळ्यात जड काय गेलं? शेवटचा प्रश्न गळू देऊ नका. मानसशास्त्रज्ञ ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॉलेजच्या नव्या विद्यार्थ्यांना जुन्यांचे अनुभव वाचायला दिले होते : सुरुवातीला आम्हालाही परकं वाटलं, मग ते ओसरलं. मग त्याच धर्तीवर त्यांनी स्वतःचं लिहिलं. साधारण तासाभराचं काम. पण पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेलं अंतर जवळजवळ निम्मं झालं. परकेपणा हा आपल्या एकट्याच्या कपाळी लिहिलेला आहे, हे वाटणं जिथे सुटतं, तिथून माणूस प्रश्न विचारू लागतो.

एक इशारा. तुम्ही एकट्या आहात म्हणून तुम्हाला समावेशनाच्या समितीवर, माहितीपत्रकाच्या फोटोत, नव्या भरतीच्या कार्यक्रमात बोलावतील. 1994 मध्ये अमाडो पाडिया यांनी विद्यापीठांतल्या अल्पसंख्याक प्राध्यापकांबद्दल लिहिताना याला सांस्कृतिक कर म्हटलं होतं, आणि शब्द अगदी चपखल आहे, कारण भरतो तो एकटाच माणूस. एक निवडा, मनापासून करा. बाकीच्यांना : ‘हे करायला आवडेल. यासाठी महिन्याचे किती तास धरायचे आणि माझ्या मूल्यमापनात हे कुठे येईल?’ उत्तर आलं नाही तर नकाराचं कारणही तयार मिळालं.

भीती आणि वागणूक वेगळी करायची सवय लागावी म्हणून पुढचे दहा कामाचे दिवस एक छोटं काम करा. काही टोचलं की त्याच दिवशी दोन ओळी लिहा : कॅमेऱ्यात काय दिसलं असतं, आणि मी मनात काय म्हटलं. ‘साहेबांनी रिपोर्ट न बोलता परत दिला’ हे कॅमेऱ्यात दिसतं. ‘त्यांना माझं काम आवडलं नाही’ हे दिसत नाही. शेजारी एक प्रश्न : हेच काम दुसऱ्या कुणी केलं असतं तर असंच घडलं असतं का? दहा दिवसांनी वाचताना काही नोंदी नुसत्या मनाच्या निघतील, काही वागणुकीच्या, काही न पोचलेल्या माहितीच्या. कशावर कोणता उपाय, ते मग आपोआप दिसतं.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, कामावर जायच्या विचाराने धडधडत असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी समुपदेशक किंवा डॉक्टरांकडे जा. तोतयेपणाची भावना आजार नसली तरी तिच्या जोडीने येणारी चिंता आणि नैराश्य यांवर उपचार आहेत. समुपदेशकाला पहिल्याच भेटीत विचारा की कामाच्या ठिकाणच्या भेदभावाचा अनुभव असलेल्या लोकांबरोबर त्यांनी काम केलंय का. नसेल केलं तर तुमची प्रत्येक नोंद ‘तुमचा विचार’ म्हणून मोजली जाण्याचा धोका असतो.

आणि सहा महिने हे सगळं करूनही वहीत वागणुकीच्याच नोंदी साचत राहिल्या, निकष सांगितले जात नाहीत, सांगितलेले बदलतात, तुमच्यामागून आलेले पुढे जातात, तर दुसरीकडे बघायला लागा. तिथल्या मुलाखतीत तुम्हीही विचारा : गेल्या तीन वर्षांत या टीममधून कुणाला बढती मिळाली, ती कोणत्या निकषांवर, आणि माझ्यासारखी किती माणसं दोन वर्षांहून जास्त टिकली? उत्तर द्यायला त्यांना किती वेळ लागतो, तेही वहीत लिहून ठेवा.